दुखण्याआधीची गोळी

करवीर तालुक्यातल्या त्या घरी घरभेटीला येणाऱ्या सिस्टरांसोबत मी गेले, तेव्हा उसाचा हंगाम जोरात होता. पलंगावर साठीकडे झुकलेले तात्या. तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, गाठ पुन्हा वाढली. 'आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या,' असं ऐकून घरच्यांनी त्यांना परत आणलेलं.

करण्यासारखं किती होतं, ते पुढच्या तासाभरात दिसलं.

सिस्टरांनी बॅग उघडली नाही. पलंगाच्या कडेला बसून विचारलं, "तात्या, रात्री झोप लागली काय?" तात्यांना बोलता येत नाही. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी आठ बोटं दाखवली. मग एकेक प्रश्न. ठणकतंय की आग होते? कळ कानात जाते? कुशीवर वळल्यावर वाढते? ठणक्याचं औषध वेगळं, नस दाबल्यामुळे होणाऱ्या आगीचं वेगळं. म्हणून या कामात विचारण्यालाच सर्वांत जास्त वेळ जातो.

डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलेलं होतं, पण गोळ्या बऱ्याच उरल्या होत्या. सून म्हणाली, "लईच दुखाय लागलं की देतोय. सारखी दिली तर सवय लागंल न्हवं?"

सिस्टरांनी वहीचं पान घेतलं आणि वेळा लिहिल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. तो ओसरायच्या आत पुढची पोटात गेली पाहिजे. कळ उठल्यावर तिच्या मागे धावलं तर ती आटोक्यात यायला वेळ लागतो. डॉक्टरांनी रात्री दहाला दुप्पट मात्रा सांगितली होती, कारण मग पहाटेपर्यंत झोप मोडत नाही. सोबत पोट साफ होण्याची गोळी रोज, कारण मॉर्फिनने मलावरोध होतोच. आणि सवयीचं? वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं.

मग गालावरची जखम. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने ती हलक्या हाताने धुतली, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून वर पसरली, कापडाची घडी ठेवली. दुर्गंधी जंतूंमुळे येते आणि या पुडीने ती कमी होते. सिस्टर सुनेला शिकवत होत्या, कारण उद्यापासून हे तिलाच करायचं होतं. वासामुळे नातू दारातूनच आजोबांना बघून जात असे. ते दुखणं मॉर्फिनने जाणारं नव्हतं. 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी हेच मांडलं होतं: शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, म्हणून एकत्रच हाताळावी लागते.

स्वयंपाकघरात मुलाने हळू आवाजात सांगितलं, "सिस्टर, त्यास्नी काय सांगू नका. धीर सुटंल."

"मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

तात्यांनी विचारलं नाही. वही मागून घेतली आणि लिहिलं: 'रानाच्या वाटणीचं कागद या महिन्यात करून घ्या.' मुलगा ते वाचून त्यांच्या पायाशी बसला. एकमेकांपासून लपवलेली गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

अशी काळजी घेणारं भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं असंच केंद्र 1997 पासून आहे. तरी गावोगावची माणसं वेदनेत का राहिली? अफू कायदेशीररीत्या पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, आणि मॉर्फिन अफूपासूनच बनतं. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची एवढी गुंतागुंत झाली की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. तोवर डॉक्टरांच्या पिढ्या ते औषध न वापरताच शिकून बाहेर पडल्या होत्या. भीती तिथूनही आली.

दुसरी अडचण उशिराची. वेदना हलकी करणारी ही उपशामक सेवा म्हणजे शेवटच्या आठवड्याची सोय, असा समज घट्ट आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांच्या जोडीने सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांना नैराश्य कमी आलं, शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते सरासरी जास्त जगले.

तात्यांकडे सिस्टर पोचल्या त्या सगळे उपचार थांबल्यावर. मधले कितीतरी महिने ते दुखणं सोसत राहिले, आणि ते सोसणं टाळता आलं असतं. म्हणून कोल्हापुरातल्या, मिरजेतल्या, कुठल्याही रुग्णालयात मोठ्या आजाराचं निदान ऐकाल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: दुखणं कोण बघणार, आणि घरी कोण येणार? हा प्रश्न विचारणं म्हणजे हार मानणं नाही. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत त्याचं उत्तर तयार ठेवणं हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचं काम आहे.