महाश्वेतेची प्रतीक्षा आणि नकार : प्रेमभंगातून सावरणाऱ्या नायिकेविषयी

मराठीने ‘नॉव्हेल’ या प्रकारासाठी जो शब्द स्वीकारला तो एका प्रेमकथेच्या नायिकेचे नाव आहे, ही माहिती आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच तासाला देतो आणि तेथेच सोडून देतो. त्या नायिकेचे आणि तिच्या सखीचे पुढे काय होते, हे पाहण्याच्या भरीस आपण सहसा पडत नाही. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक विरहाने प्राण सोडतो. पुन्हा भेट होईल असे तिला आश्वासन मिळते आणि ती अच्छोद सरोवराच्या काठी तपस्विनी होऊन राहते. पुढे कादंबरीवरही तसाच प्रसंग येतो. चंद्रापीडाचा निष्प्राण देह जतन करीत तीही थांबते. अखेरीस दोघींचेही प्रियकर परत येतात. म्हणजे दुःखातून बाहेर पडण्याचा जो मार्ग या कथेने दिला आहे तो प्रतीक्षेचा आहे. नायिकेने निष्ठा राखावी, काळाने आपले काम करावे आणि गेलेले माणूस परतावे.

मराठी कादंबरीने हे नाव घेतले, पण हा मार्ग घेतला का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. वैधव्य, परित्याग, फसवणूक किंवा घटस्फोट यांनी मोडून पडलेली नायिका पुन्हा उभी राहते, तेव्हा तिला कोण उभे करते? दुसरा पुरुष, गेलेलाच पुरुष, नोकरी, की तिची स्वतःची भाषा? या प्रश्नाला मराठी कादंबरीने दिलेले उत्तर एकसारखे नाही. लोकप्रिय मानल्या गेलेल्या कादंबऱ्यांनी त्याचा आपल्या समीक्षेपेक्षा अधिक सातत्याने पाठपुरावा केला आहे, असे माझे मत आहे.

आरंभ भाषेपासूनच करावा लागतो. नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या बाईला आपल्या बोलीत ‘टाकलेली’ म्हणतात. सभ्यपणे बोलायचे तर ‘सोडलेली’ आणि ग्रांथिक लिहायचे तर ‘परित्यक्ता’. तिन्ही शब्द कर्मवाचक धातुसाधिते आहेत. क्रिया दुसऱ्याने केली आणि ती हिच्यावर झाली. ज्याने टाकले त्याच्यासाठी मात्र रूढ नाम नाही. तो ‘टाकणारा’ म्हणून ओळखला जात नाही, तो नुसता नवराच राहतो. बाई स्वतःहून घर सोडून आली असली तरी गाव तिला ‘टाकलेली’च म्हणते. निशा शिवूरकर यांनी संगमनेर परिसरातून उभ्या केलेल्या परित्यक्तांच्या चळवळीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या नावातही ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असाच शब्द घ्यावा लागला. दुसरा शब्द भाषेजवळ नव्हताच. उलट बाजूने पाहिले तर संसार सांभाळून असणाऱ्या बाईसाठी मराठीत ‘कर्तीसवरती’ असा एक फार सुंदर जोडशब्द आहे. टाकलेली बाई कर्तीसवरती कशी होते, हीच या कादंबऱ्यांची खरी कथावस्तू होय. प्रेम हे त्या कथेचे निमित्त आहे.

पहिली मराठी कादंबरी म्हणून मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, 1856 मध्ये झाला होता. पर्यटनात विधवांची दैना पाहणारी यमुना पुढे स्वतः विधवा होते आणि ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तिचे सावरणे धर्मांतराच्या आश्रयाने होते, ही मर्यादा खरी. तरीही आपल्या पहिल्या कादंबरीतली नायिका दुःखानंतर दुसरे आयुष्य जगते, हे विसरता येत नाही.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, 1890 पासून, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मधून येऊ लागली. तिच्यातील यमूला ही संधी मिळत नाही. नवऱ्याच्या सहवासात तिला शिक्षणाची आणि मोकळेपणाची चव मिळते. त्याच्या मृत्यूनंतर तिचे सक्तीने केशवपन होते आणि कहाणी तिच्या मृत्यूशी संपते. कलादृष्ट्या हरिभाऊंची कादंबरी कितीतरी थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण तिच्या अवतीभवती प्रत्यक्षात काय घडत होते ते पाहावे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईने नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. 1884 मध्ये तिच्यावर दावा झाला. 1887 मध्ये न्यायालयाने तिला नांदायला जाण्याचा अथवा तुरुंगाचा पर्याय दिला, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली. ती लंडनला गेली आणि डॉक्टर होऊन परतली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 मध्ये मुंबईत उघडले. तेथे शिकलेल्या विधवा गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. वास्तवातल्या स्त्रिया उभ्या राहत असताना कादंबरीतली स्त्री मरत होती. समाजाचा आरसा म्हणून ज्या कादंबरीकडे आपण बोट दाखवतो तो आरसा या एका बाबतीत मागे राहिला होता.

यमूच्या बाबतीत एक गोष्ट मात्र हरिभाऊंनी अचूक केली. त्यांनी तिला ‘मी’ दिला. मराठीत स्त्रीचा ‘मी’ लपत नाही. ‘मी गेले’, ‘मी आले’ म्हणताच क्रियापद बोलणारीचे लिंग सांगून टाकते. पुरुष लेखकाने शेकडो पृष्ठे या स्त्रीलिंगी ‘मी’त लिहिणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. यमू जगण्यात कर्ती होऊ शकली नाही, सांगण्यात झाली.

खरी कलाटणी चौथ्या दशकात मिळते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 मध्ये आले आणि लेखिका कोण, याच्या शोधात सुशिक्षित महाराष्ट्राने बराच वेळ घालवला. पुस्तकात काय म्हटले आहे, यावर तितका खर्च झाला नाही. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पतीपासून दुरावलेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली अचला विरागवर प्रेम करते. तिला सहजीवन हवे आहे आणि मातृत्वही हवे आहे. आजचा विद्यार्थी विचारतो, मग ती घटस्फोट घेऊन लग्न का करीत नाही? या प्रश्नाचे उत्तर साहित्यशास्त्रात नाही, कायद्याच्या इतिहासात आहे. 1934 मध्ये मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागण्याची सोयच नव्हती. पुरुषाला मात्र पहिली बायको असताना दुसरी करता येत होती. द्विभार्याप्रतिबंधाचा मुंबई कायदा 1946 चा, हिंदू घटस्फोटाचा मुंबई कायदा 1947 चा आणि हिंदू विवाह कायदा 1955 चा. अचलेचा ‘हिंदोळा’ म्हणजे केवळ मनाची दोलायमानता नव्हे. तिच्या पायांखाली कायद्याची जमीनच नव्हती. ‘बंडखोर नायिका’ असा शेरा मारून आपण तिला मोकळे करतो, पण तिच्यापुढे सनदशीर पर्याय कोणता होता, हे आधी सांगायला हवे. लग्नाचा मार्ग बंद होता, म्हणूनच तिला प्रेमाचा विचार लग्नाविना करावा लागला, आणि म्हणूनच तो इतका धीट झाला.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. ‘हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता’ हे वाक्य आपण सरसकट वापरतो. ते पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांपुरते खरे आहे. अनेक बहुजन जातींत काडीमोड होता, पाट होता, मोहतूर होता. जातपंचायतीपुढे काडी मोडून बाई मोकळी होत असे आणि दुसरे घर करीत असे. त्या व्यवहारात पुरुषांचा वरचष्मा नव्हता असे नाही, पण दार होते. आपल्या मध्यमवर्गीय कादंबरीला हे दार फारसे दिसले नाही. जी समस्या काही जातींची होती ती तिने ‘भारतीय स्त्री’ची म्हणून मांडली. पनवेल, उरण, खालापूर भागातील आगरी, कोळी, कातकरी घरांतून येणाऱ्या विद्यार्थिनींना शिकवताना हा फरक सांगितला नाही, तर त्यांच्या आजीचे आयुष्य अभ्यासक्रमाबाहेरच राहते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची जमीन आली आणि त्याच सुमारास वर्गणीदारांची वाचनालये बहरली. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे ही नावे वाचनालयाच्या नोंदवहीत जितक्या वेळा आढळतील तितकी आपल्या प्रबंधांत आढळणार नाहीत. या धाटणीच्या कादंबरीचा एक परिचित साचा आहे. दुखावलेली नायिका गाव सोडते, दुसरीकडे शिक्षिका किंवा परिचारिका होते, पहिला पगार हातात घेते, हळूहळू सावरते, आणि शेवटच्या प्रकरणात एक समंजस पुरुष तिच्या आयुष्यात येतो. या शेवटामुळे आपण संपूर्ण प्रकारच ‘पलायनवादी’ म्हणून बाजूला सारला. मला हे अन्यायाचे वाटते. शेवटचे प्रकरण प्रकाशकाचे आणि वाचकाच्या सवयीचे असते. मधली प्रकरणे मात्र बाईच्या अनुभवाची असतात. खोली भाड्याने मिळवणे, शेजाऱ्यांच्या नजरा, कपाळावरचे कुंकू ठेवावे की नाही, माहेरी किती दिवस राहावे, हा सर्व तपशील त्या प्रकरणांत साठलेला आहे. आपल्या मान्यवर कादंबरीत तो इतक्या विपुलतेने क्वचितच सापडतो. शेवटाचा निवाडा करावाच, पण मधले वाचून मग करावा.

हा शेवट बदलू शकतो, हे 1982 मधील ‘उंबरठा’ या चित्रपटाने मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे ठेवले. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून गेलेली सुलभा परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. समंजस पुरुष येथे येत नाही.

साचा मोडण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मूळचे कन्नड आहे. सुधा मूर्ती यांची ‘महाश्वेता’ उमा कुलकर्णी यांच्या अनुवादाने मराठीत आली आणि इथलीच झाली. (याच नावाची डॉ. सुमती क्षेत्रमाडे यांचीही कादंबरी आहे, त्यामुळे वर्गात दोहोंची सरमिसळ होते.) मूर्तींची अनुपमा नाटकात बाणाच्या महाश्वेतेची भूमिका करते, त्या भूमिकेतच तिला आनंद पाहतो आणि लग्न होते. पुढे तिच्या अंगावर कोडाचे डाग उठतात. सासर तिला दूर करते, डॉक्टर असलेला नवरा पाठ फिरवतो. ‘महाश्वेता’ म्हणजे अतिशुभ्र. नाटकात गौरव असलेला शब्द कातडीवर उतरताच कलंक होतो, हा श्लेष फार क्रूर आहे. अनुपमा जिवावर उदार होते, सावरते, मुंबईला येते, आधी नोकरी करते आणि मग संस्कृतची प्राध्यापिका होते. दुसरा एक सज्जन डॉक्टर तिला मागणी घालतो. ती नाही म्हणते. पश्चात्तापाने नवरा परततो. त्यालाही ती नाही म्हणते.

बाणाच्या कथेशी हे ताडून पाहिले की कादंबरीचे बळ कळते. तेथे प्रियकराचे परतणे हेच फळ. येथेही तो परततो, म्हणजे जुन्या कथेचा शेवट जसाच्या तसा घडतो, पण तोवर नायिकेला त्याची गरज उरलेली नाही. दोन नकारांपैकी पहिला मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अन्याय करणाऱ्याला नाकारणे वाचकाला रुचते. चांगल्या माणसाला, केवळ आपल्याला आता लग्न नको म्हणून नाकारणे, हे वाचनालयीन कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाला दिलेले थेट उत्तर आहे. रचना बाळबोध आहे, संवाद कित्येकदा उपदेशाकडे झुकतात, हे आक्षेप मान्य. पण 1998 मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोचल्यापासून नोकरीसाठी मुंबईकडे जाणाऱ्या बायकांच्या डब्यात कोणती पुस्तके उघडली जातात, याकडे ज्याने लक्ष दिले असेल त्याला ही कादंबरी अनेकदा दिसली असेल. वाचणारी स्वतः पगार मिळवणारी असते. अनुपमेच्या दुःखाइतकीच अनुपमेची नोकरी तिला खरी वाटते.

गौरी देशपांड्यांच्या नायिका या वाटेने जात नाहीत. ‘एकेक पान गळावया’ पासून त्यांच्या स्त्रिया आर्थिक दृष्ट्या बहुधा सुरक्षित आहेत. त्यांचा झगडा प्रेम आणि एकटेपण दोन्ही हवे असण्याचा आहे. त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

2005 मध्ये मात्र एकाच वर्षी दोन कादंबऱ्या आल्या, ज्यांनी हा प्रश्न दोन टोकांना नेला. मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’चे शीर्षक विवाहविधीतल्या शपथेतून आलेले आहे. मोडलेल्या लग्नानंतरची मीरा त्या शपथेचा शब्द न् शब्द उलटून पाहते. तिचा ‘मी’ यमूच्या ‘मी’ची पणती शोभावी असा आहे, पण तो करुणा मागत नाही, हिशेब मागतो. प्रेमाची भूक आणि देहाची भूक ती कुणाची परवानगी न घेता बोलून दाखवते.

कविता महाजन यांची ‘ब्र’ दुसऱ्या टोकाला आहे. संसार मोडलेली, मुलापासून तुटलेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेत काम धरते आणि आदिवासी भागातील स्त्री सरपंचांना भेटत फिरते. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींत आलेल्या या बायका. कुणाच्या सहीसाठी नवरा बसतो, कुणाला झेंडा लावू देत नाहीत, कुणाला मारहाण होते. प्रफुल्ला प्रथम केवळ ऐकते, टिपून घेते. त्या बायकांची वाक्ये ऐकता ऐकता तिची स्वतःची वाक्ये बदलू लागतात. प्रेमकथेचा साचा येथे जवळजवळ उरलेलाच नाही. नायिकेला सावरणारा पुरुष नाही, आणि नोकरीही पुरेशी नाही. तिला सावरते ते दुसऱ्या बायांचे बोलणे. पुस्तकाचे नावही बोलण्याविषयीच आहे. ‘ब्र काढणे’ हा वाक्प्रयोग मराठीत बहुधा नकारातच येतो. तिने ब्रसुद्धा काढला नाही, असे आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते प्रशंसेने म्हणतो. लेखिकेने त्यातला नकार गाळला आणि उरलेले अक्षर मुखपृष्ठावर ठेवले.