डिझेलला फुस्स कशाला?

सकाळी ७
शटर वर व्हायच्या आधीच पिकअप दारात उभी. सोयाबीनचे कट्टे लादलेले, ड्रायव्हर चाकाला टेकून चहा पितोय. "मिस्त्री, गाडी उचलंनाच बघा. चढाला तिसऱ्यावर यावं लागालंय, अन् मागं नुसता काळा धूर." त्याला बाजार उघडायच्या आत धाराशिव गाठायचंय. मी बॉनेट उघडतो, रेस द्यायला सांगतो आणि कान लावतो. टर्बोची बारीक शिट्टी यायला हवी, तिथं फसफस ऐकू येते. इंटरकूलरचा रबरी होज क्लिपेपाशी चिरलाय, भोवती तेलाचा ओला डाग. टर्बो हवा दाबतोय, पण ती इंजिनात पोचायच्या आधीच बाहेर पडते. डिझेल मात्र पडायचं तेवढं पडतंय, म्हणून धूर. चिरलेलं टोक कापून पाइप पुढं ओढला, नवी क्लिप आवळली. टर्बो गेला म्हणून घाबरलेल्या माणसाचं काम क्लिपेवर भागलं की तो चहाचे पैसे आपण होऊन देतो.

सकाळी ९
ट्रॅक्टरचं ऑइल बदललं. जुनं ऑइल डांबरासारखं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे मारतो, लहान टर्बोचा दोन लाखांच्याही वर, आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. आमच्याकडं टर्बो मरतात ते तीन गोष्टींनी: लांबवलेलं ऑइल, फाटक्या एअर फिल्टरमधून जाणारी फुफाट्याची धूळ, आणि चढ चढून आल्या आल्या चावी बंद करायची सवय. मालकाला म्हटलं, "नाना, दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करत जावा." नाना हो म्हणतात. दरवर्षीच म्हणतात.

सकाळी ११
काळी स्कॉर्पिओ येते. उतरतो विशीतला पोरगा, हातात ऑनलाइन मागवलेला खोका. आत चकचकीत जांभळा ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह, नळ्या, वायरी. "काका, हे बसवून द्या. गिअर टाकताना फुस्स असा आवाज यायला पायजे."

हात पुसून त्याला स्टुलावर बसवलं. हा व्हॉल्व्ह कशासाठी असतो ते आधी सांगितलं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक पडदा असतो, थ्रॉटल. पाय काढला की तो मिटतो. टर्बो मात्र त्याच वेगात फिरत असतो आणि दाबलेली हवा पुढं ढकलत असतो. पुढं दार बंद. मग ती हवा उलटी फिरून टर्बोच्याच पात्यांवर येते आणि सुतुतुतु असा आवाज होतो. पातं अडखळतं, दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगला धक्के बसतात, पुढचा गिअर पडेपर्यंत टर्बोचा वेग उतरलेला असतो. म्हणून मधे एक व्हॉल्व्ह ठेवतात. पडदा मिटला की त्याच्या मागं इंजिन ओढ निर्माण करतं; तीच ओढ बारीक नळीतून व्हॉल्व्हचा रबरी पापुद्रा उचलते आणि अडकलेल्या हवेला वाट मिळते.

"मग बसवा की!"

"तुझी गाडी डिझेल आहे, बाळा." डिझेलमध्ये वेग ठरतो तो किती डिझेल फवारलं यावर, हवेचं दार उघडंच असतं. पाय काढला तरी हवा इंजिनात जातच राहते, मागं फिरायचं कारणच नाही. काही नव्या डिझेल गाड्यांना पडदा असतो, पण तो धुराच्या नियमांपायी आणि इंजिन बंद करताना हिसका बसू नये म्हणून. धाराशिव स्टेशनात उभं राहायचं ते आल्को जातीचं डिझेल इंजिन आठवून बघ म्हटलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, टर्बो माणसाच्या मिठीत न मावणारा. असा व्हॉल्व्ह नव्हताच त्याला. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं, आणि पुढं तो आधी रुळला तो मोठ्या डिझेलांवरच.

पोरगा वायरी दाखवतो. खरंच, डिझेलसाठीचा खास संच आहे: ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की बटण दाबलं जातं, वीज व्हॉल्व्ह उघडते. म्हणजे चांगली दाबलेली हवा निव्वळ आवाजासाठी बाहेर सोडायची. सकाळी पिकअपचा जो आजार मी बरा केला, तोच हा पैसे देऊन विकत घेतोय. आणि पाइप कापला की कंपनीची वॉरंटीही गेली.

दुपारी १
भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पोरगा गेलेला नाही. अर्धी भाकरी त्यानं खाल्ली.

दुपारी २
गुरुजींची पेट्रोल टर्बो गाडी. या गाड्या आता आमच्याकडंही येतात. २०१३ ला पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा हा शहरी लोकांचा नाद वाटायचा; २०१७ च्या नेक्सॉननंतर आणि २०१९ च्या व्हेन्यूनंतर गावोगाव दिसू लागल्या. गुरुजींची तक्रार: पिकअप कमी, उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं. व्हॉल्व्हची बारीक नळी काढली आणि तोंडानं ओढून पाहिलं. पापुद्रा शाबूत असेल तर जीभ नळीला चिकटून बसते. इथं सरळ हवा आली. फाटलाय.

पोरगा मागून डोकावतो. "काका, ह्याला तरी माझा बसतोय का?"

बसतो. पण एक अडचण आहे. कंपनीचा व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडत नाही, टर्बोच्या तोंडाशी परत नेतो. म्हणूनच त्याचा आवाज येत नाही आणि तो गाडीत आहे हे मालकाला ठाऊकही नसतं. या गाडीत आत येणारी हवा फिल्टरजवळच सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल पडतं. मोजलेली हवा बाहेर फुस्स केली, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. गाडी अडखळते, प्लग काळे पडतात. दाबावरून हिशेब करणाऱ्या गाड्यांना हा त्रास सहसा होत नाही. एवढं ऐकून गुरुजींनी जांभळ्या व्हॉल्व्हकडं असं बघितलं की पोरानं तो खोक्यात ठेवला.

दुपारी ४
सोलापूरला फोन. व्हॉल्व्ह उद्या येईल. गुरुजींना आजच गाडी हवी. मी पत्र्याची चकती कापली, व्हॉल्व्हच्या जागी तोंड बंद केलं, बारीक नळीला बूच मारलं.

यावर पुस्तकी माणूस ओरडेल. पण टर्बो एका दिवसात मोडत नाही. हलक्या पायानं चालवताना दाब कमीच असतो, आणि जुन्या कित्येक टर्बो गाड्या व्हॉल्व्हशिवायच धावल्या. रोज जोरात पळवायची असेल, तर तो हवाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भांडण करणारे फक्त एकच धरतात.

संध्याकाळी ६
पोराला आरटीओचंही सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीनं दिलेल्या रचनेत मन मानेल तसा बदल चालत नाही. एमएच-२५ च्या पाटीला यातून सूट नाही.

संध्याकाळी ७
गुरुजींच्या गाडीची चाचणी. शेजारी गुरुजी, मागं पोरगा. तिसऱ्या गिअरला जरा ओढून पाय काढला. बॉनेटखालून सुतुतुतु.

पोरगा सीटवरून पुढं सरकला. "काका! हाच! हाच आवाज पायजे होता मला!"

"पत्र्याची चकती आहे," मी म्हटलं. "वीस रुपये. पण आधी स्कॉर्पिओ विकावी लागंल."

गुरुजींनी विचारलं, उद्या व्हॉल्व्ह कधी येतोय.