बायकोने घातली गळ, नवऱ्याने टाकला गळ!

लग्नाचा वाढदिवस तोंडावर. तो म्हणतो, तिरुपती. ती म्हणते, अंदमान. ती गळ घालते, तो गळाला लागतो आणि दोघं भर समुद्रात गळ टाकायला निघतात. एका शब्दात अख्खा संसार! चला, नांदेडच्या नायगावहून सुटणाऱ्या या स्पेशल बोटीत बसा. लाइफ जॅकेट घट्ट बांधा, फॅक्ट्स उडणार आहेत.

माहीत आहे का, नायगावपासून कुठलाच समुद्र ४०० किलोमीटरच्या आत नाही? ना अरबी, ना बंगालचा उपसागर. पण आपलं पाणी मात्र मोठं फिरस्तं. नायगाव तालुक्यातला पाऊस ओढ्या-नाल्यांतून गोदावरीत जातो आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागरात. त्याच उपसागराच्या पलीकडच्या कडेला अंदमान! तुम्ही विमानाचं तिकीट काढेपर्यंत तुमच्या पत्र्यावरचं पाणी त्या दिशेनं निघालेलंसुद्धा असतं.

खिशात वीसची जुनी लालसर नोट आहे? पाठीमागची माडांची झाडं नि दीपगृह बघा. ते अंदमान! आणि २०१९ पासूनच्या पिवळट-हिरव्या नोटेवर? वेरूळची लेणी! अंदमान उतरलं, मराठवाडा चढला. (बोटीचं भाडं मात्र वीसच्या नोटांत मोजायला बसू नका. वाढदिवस तिथेच संपेल.)

आता मेन आयटम. हौसेखातर मासे पकडणं हे गोऱ्या साहेबाचं फॅड, असं वाटतं ना? चूक! इंग्रजीत या छंदावरचं पहिलं छापील लिखाण आलं १४९६ साली. त्याच्या साडेतीनशेहून जास्त वर्षं आधी, ११३० च्या आसपास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर संस्कृतात ‘मानसोल्लास’ लिहून मोकळा झाला होता. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. विनोद म्हणजे जोक नव्हे हं, करमणूक! तीसहून जास्त जातींचे मासे, समुद्रातले वेगळे, नदीतले वेगळे, कुणाला काय खायला आवडतं, गळ कसा, दोरी कशी, सगळं बैजवार.

आणि हे कल्याणी कुठे? बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. देगलूर-उदगीर ओलांडलं की बिदर जिल्हा सुरू. म्हणजे स्पोर्ट फिशिंगचं जुनं गाइडबुक आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं, आणि आपण टॅकल, म्हणजे गळाचं सामान, मागवतो जपानहून!

थांबा, बोनस फॅक्ट. याच ग्रंथात जुन्या मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या ओळी सापडतात. विषय विष्णूचे अवतार. आणि पहिला अवतार कोणता? मत्स्य! मराठी कविता गळाला लागली तीसुद्धा माशासकट.

बरं, बॅग भरताय? केळी बाहेर काढा! जगभरातले कित्येक गळवाले बोटीवर केळं म्हणजे अपशकुन मानतात. केळं दिसलं की मासा फिरकत नाही म्हणे. आता अर्धापूरच्या केळींवर वाढलेल्या नांदेड जिल्ह्याने हे ऐकून घ्यायचं? आमचा सल्ला असा की घाटावरच खाऊन घ्या, साल खिशात नको.

बोट लागेल, मळमळेल, लाजू नका. ट्रफल्गारची लढाई जिंकणारा अ‍ॅडमिरल नेल्सन आयुष्यभर बोट लागण्याने बेजार होता. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नको. ज्यांनी उसाच्या ट्रॉलीवर बसून प्रवास केलाय, त्यांचं निम्मं ट्रेनिंग झालेलंच आहे.

माहीत आहे का, अंदमानच्या गेम फिशिंगवाल्यांचा एक लाडका पत्ता चक्क ज्वालामुखी आहे? बॅरन बेट, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी! सुमारे दीडशे वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये अचानक भडकला. त्याच्या अंगाखाली समुद्र एकदम खोल उतरतो आणि उतरणीवर मोठे मासे शिकारीला येतात. आपली काळी जमीनही लाव्ह्याच्याच खडकाची पोर. सासर-माहेर एकाच गोत्रातलं निघालं की!

तिथला हीरो आहे जायंट ट्रेव्हली, लाडाचं नाव जीटी. हा पठ्ठ्या पाण्यातून उसळी मारून उडता पक्षी तोंडात धरतो. गप्पा नाहीत, सेशेल्समध्ये त्याचं शूटिंग झालंय आणि २०१७ मध्ये बीबीसीच्या ‘ब्लू प्लॅनेट २’ मध्ये जगाने ते पाहिलंय. याला फसवायला पॉपर टाकतात, म्हणजे पाण्यावर ‘डुबुक डुबुक’ वाजणारा खोटा मासा. जीटीला वाटतं फराळ आला. आला असतो पाहुणा!

मासा लागला की सरळ ओढायचं नाही. रॉड सावकाश वर उचलायचा, खाली आणताना भराभरा रीळ गुंडाळायचं, परत उचलायचा. विहिरीवर पाणी शेंदल्याची सवय असेल तर हे जमतं. फरक इतकाच की इथला पोहरा उलटा पळतो.

किती मोठा लागू शकतो? ४ ऑगस्ट १९५३ ला पेरूच्या काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेल या गड्याने ब्लॅक मार्लिन ओढला, वजन ७०७ किलो. सात क्विंटल! एकरात एवढं सोयाबीन निघालं तर आपण पेढे वाटतो, त्याने एका गळाला काढलं. विक्रम अजून शाबूत.

नवरोबा, कॉलर ताठ करू नका. ब्रिटनमध्ये गळाने पकडलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा विक्रम आहे एका बाईच्या नावावर. जॉर्जिना बॅलंटाइन, स्कॉटलंडची टे नदी, १९२२, वजन २९ किलो. शंभर वर्षं उलटली, एकाही पुरुषाला तो मोडता आलेला नाही. तेव्हा रॉड आधी कुणाच्या हातात द्यायचा, ठरलं?

सेलफिश जगातला सर्वांत वेगवान मासा, ताशी ११० किलोमीटर, असं शाळेत पाठ केलंत? पुसा! अलीकडच्या मोजमापांत तो त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. रस्ता बरा असेल तर आपली एसटी पुढे.

ट्यूनाची मात्र टिंगल नको. तो पोहायचा थांबला तर त्याचा श्वास थांबतो, कारण तोंडातून आत शिरणारं पाणीच त्याच्या कल्ल्यांना प्राणवायू पुरवतं. २०१९ च्या पहिल्या लिलावात टोकियोला २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना सुमारे २१ कोटी रुपयांना गेला. एक मासा! तेवढ्यात आपल्याकडं दोन-चार लग्नं... जाऊ द्या, आपल्याकडची लग्नंही हल्ली काही कमी नसतात.

संध्याकाळ रिकामी असेल तर पु. ल. देशपांड्यांचं ‘एका कोळियाने’ वाचा. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याची गोष्ट, ८४ दिवस एकही मासा नाही. तुमचा फक्त एक दिवस कोरडा गेलाय आणि तुम्ही रुसलाय!

आता खरी परीक्षा, घरी फोन. या खेळात चांगला गडी मासा मोजतो, फोटो काढतो आणि पाण्यात सोडून देतो. हे नायगावात सासूबाईंना समजावून दाखवा! “पकडायचा आन् सोडून द्यायचा? मंग गेलाव कशाला येवढ्या लांब?” यावर अजून तरी कुठल्याही फिशिंग क्लबला उत्तर सापडलेलं नाही.

सासूबाईंच्या बाजूने एक साक्षीदारही आहे. गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे पावसाळ्यात समुद्रातून उलटी चढून येणारी पुलसा मिळते. आंध्रात म्हण आहे, मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावी. मालकीणबाई, गळ्यावर हात ठेवूनच त्या बाजूला जा.

दागिन्यांवरून आठवलं, रॉड धरण्याआधी लग्नाची अंगठी काढून खोलीवर ठेवा. ओल्या बोटातून ती कधी सटकेल नेम नाही. कालिदासाच्या शकुंतलेची अशीच पाण्यात पडली, नवऱ्याने तिला ओळखलंच नाही आणि पुढे एका कोळ्याला ती माशाच्या पोटात सापडली. कोणत्या माशाच्या, माहीत आहे का? रोहूच्या! तोच, जो आपल्याकडे तळ्यातून निघतो आणि बाजारात पाटीत पडलेला असतो. तर अंगठी हरवून परत आलात, तर बाजारच्या दिवशी रोहू घ्या. आणि साफ करायला देऊ नका, घरीच कापा.