गोष्ट धड कळत नाही, तरी भीती वाटते! १९३२ चा 'व्हॅम्पिर' बघायचा तरी कसा?

एका लाकडी पायाच्या सैनिकाची सावली भिंतीवरून एकटीच चालत जाते आणि बसलेल्या सैनिकाला येऊन जुळते. दुसरी एक सावली खड्डा खणते, पण माती उलटी फावड्यावर येते. का? सिनेमा काहीच सांगत नाही.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा 'व्हॅम्पिर' बघताना अनेकांची इथेच विकेट पडते. कोण कुठून आलं, दिवस आहे की रात्र, पत्ता लागत नाही. पण हा गोंधळ बराचसा ठरवून घातलेला आहे.

सिनेमाच्या सुरुवातीलाच सांगितलं जातं, की नायक ॲलन ग्रे याच्यासाठी खरं आणि अद्भुत यातली सीमा पुसट झाली आहे. पुढचं सगळं आपण त्याच्याच नजरेनं बघतो.

चित्र धुरकट दिसतं, तेही मुद्दाम. कॅमेरामन रुडॉल्फ माते यांनी लेन्ससमोर काही अंतरावर जाळीदार कापड धरून शूटिंग केलं. हा ड्रायर यांचा पहिला बोलपट. तो अनेक भाषांत काढायचा होता, म्हणून संवाद अगदी मोजके ठेवले. पिशाचांची माहिती मिळते ती एका पुस्तकाच्या पानांतून.

आणि हिरो असा झोपेत चालल्यासारखा का वावरतो? कारण तो नट नव्हताच! निकोलस द गुंझबर्ग या श्रीमंत तरुणाने सिनेमाला पैसे दिले आणि 'ज्युलियन वेस्ट' या नावाने मुख्य भूमिका घेतली. त्याचा कोरा चेहरा या स्वप्नाला मात्र शोभून दिसतो.

सगळ्यात भारी प्रसंग शवपेटीचा. ॲलन स्वतःचंच प्रेत बघतो. मग कॅमेरा पेटीत आडवा होतो आणि झाकणाच्या काचेतून आकाश, झाडांचे शेंडे सरकताना दिसतात. म्हणजे खांद्यावरून निघालेलं प्रेत आता प्रेक्षकच असतो.

बर्लिनच्या प्रेक्षकांनी तेव्हा या सिनेमाची हुर्यो उडवली. ड्रायर यांचा पुढचा मोठा सिनेमा यायला १९४३ साल उजाडलं. 'व्हॅम्पिर'ची मूळ निगेटिव्हही हरवली. आज दिसतो तो उरलेल्या प्रिंटवरून जुळवलेला सिनेमा.

त्यामुळे बघायचा तर दिवे घालवून, एका बैठकीत बघा. साधारण सव्वा तासाचाच आहे. 'पुढे काय झालं?' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि सावल्यांवर लक्ष ठेवा. स्वप्न पडताना आपण तरी कुठे कथा विचारतो?