धूर डोळ्यांत नको, आकडा हातात हवा: धुरावरच्या चिकनसाठी बिनतारी थर्मामीटर



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हा गट शनिवार-रविवारी जवळच्या कृषी पर्यटन केंद्राला धुरावरचं चिकन करून देतो. शहरातले पाहुणे आवडीनं खातात आणि गटाला दोन पैसे मिळतात. पण बैठकीत दोन गोष्टी निघाल्या, आणि दोन्ही गंभीर होत्या.

पहिली गोष्ट ड्रमजवळ बसणाऱ्या ताईंची. त्यांचे डोळे लाल, खोकला थांबत नव्हता. म्हणाल्या, "गॅस आला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची धुरातून. आता धंद्यापायी परत धुरातच बसले." २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती आपल्या स्वयंपाकघरातला धूर जावा म्हणूनच ना? आणि इथे त्या तीन-तीन तास ड्रमचं झाकण उघडून आत डोकावत होत्या.

दुसरी गोष्ट, एका पाहुण्यानं तंगडी परत पाठवली होती. बाहेरून छान तांबूस, पण हाडाजवळ कच्ची. नशीब की त्यांनी खाल्ली नाही. कोणाला उलट्या-जुलाब झाले असते तर गटाचं नाव गेलं असतं, आणि ते परत मिळवायला वर्षं लागली असती.

या दोन्ही गोष्टींवर एका छोट्या वस्तूचा उपयोग होतो. ती म्हणजे बिनतारी थर्मामीटर. आज त्याचीच माहिती घेऊ.

डोळ्यांना का कळत नाही?

तुम्ही म्हणाल, आम्ही जन्मभर कोंबडी शिजवली, आम्हाला थर्मामीटर कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण रस्सा आणि धूर यांत फरक आहे. रश्शात कोंबडी उकळत्या पाण्यात असते, त्यामुळे शिजणारच. धुरावर आच मंद असते. वरची कातडी आधी रंगते, आणि आतलं मांस हळूहळू तापतं.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. धुरामुळे पूर्ण शिजलेल्या मांसालाही कातडीखाली गुलाबी छटा येते. म्हणजे गुलाबी दिसलं म्हणून कच्चं असेलच असं नाही, आणि बाहेरून तपकिरी झालं म्हणून शिजलंच असंही नाही.

मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते वाढतात, आणि आपल्या अंगाच्या उबेएवढ्या तापमानात तर फारच भराभर. मंद आचेवर मांस या टप्प्यात जास्त वेळ रेंगाळलं तर धोका. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या:

- कोंबडीच्या आतलं तापमान चार तासांच्या आत ६० च्या वर गेलंच पाहिजे.
- उतरवताना सगळ्यात जाड भागाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस हवं. त्याआधी उतरवायचं नाही.

हे यंत्र असतं कसं?

नेहमीच्या प्रकारात तीन भाग असतात. एक, लांब वायरला जोडलेल्या स्टीलच्या सुया, बहुतेक वेळा दोन. दोन, त्या सुया जिथे खुपसतात तो बाहेरचा डबा, जो ड्रमच्या बाजूला राहतो. तीन, हातातला डबा, जो आपल्याजवळ राहतो. बाहेरचा डबा बिनतारी संदेश पाठवतो आणि हातातल्या डब्यावर आकडा दिसतो. ठरवलेला आकडा आला की तो वाजतो.

दुसऱ्या प्रकारात हातातला डबा नसतो, आकडा मोबाईलवर दिसतो. ब्लूटूथवर चालणारा असेल तर साधारण दहा मीटरपर्यंतच चालतो, मध्ये भिंत आली की आणखी कमी. पूर्ण बिनवायरची सुईही मिळते, पण लोखंडी ड्रममधून तिचा संदेश बाहेर यायला त्रास होतो.

माझा सल्ला विचाराल तर गटासाठी हातातला डबा असलेलाच घ्या. कारण साधं आहे. घरात मोबाईल एकच, आणि तो मुलाकडे नाहीतर मालकांकडे. मुलगा मोबाईल घेऊन नाक्यावर गेला की तुमचं थर्मामीटरही नाक्यावर गेलं!

खोक्यावर लांब पल्ला लिहिलेला असतो, पण तो मोकळ्या मैदानातला. पत्र्याची शेड, जाड भिंती आल्या की पल्ला घटतो. आधी आपल्या अंगणात फिरून बघा, कुठपर्यंत आकडा येतो ते.

पहिल्यांदा यंत्राची परीक्षा घ्या

दुकानातून आणलं आणि लावलं, असं करू नका. ग्लासभर बर्फ ठेचा, त्यात थोडं पाणी घाला, ढवळा. सुईचं टोक मधोमध धरा, ग्लासच्या तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. थोड्या वेळात आकडा शून्याजवळ यायला हवा. एखाद्या अंशाचा फरक चालेल. जास्त असेल तर ती सुई बदलून घ्या.

उकळत्या पाण्यातही बघता येतं. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळतं. उंचीवर मात्र दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. पुण्याकडे ९८ च्या आसपास येईल, महाबळेश्वरला ९५-९६. तिथल्या ताईंनी यंत्र बिघडलं म्हणून दुकानदाराशी भांडू नये!

सेल्सिअस की फॅरनहाइट? ही चूक आमची झालीच

वर सांगितलेल्या गटानं यंत्र घेतलं. मी स्वतः ७४ वर घंटा लावून दिली आणि मोठ्या ऐटीत निघाले. वीस मिनिटांत घंटा वाजली. सगळ्या खूश, की किती लवकर झालं! गटातल्या सगळ्यात वयस्क आजी, ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्या उठल्या आणि म्हणाल्या, "गं बायांनो, वीस मिनिटांत कोंबडी शिजते का कधी? तुमचं मशीन खोटं बोलतंय."

आजी बरोबर होत्या. यंत्र फॅरनहाइटवर होतं. ७४ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम २३ सेल्सिअस. फ्रीजमधलं चिकन नुसतं निवळलं होतं! आपले ७४ सेल्सिअस फॅरनहाइटमध्ये १६५ होतात.

चूक माझी होती, आजींनी वाचवलं. तेव्हापासून मी सांगते, यंत्र अनुभवाच्या जोडीला आहे, अनुभवाच्या जागी नाही. आकडा आणि आपलं मन जुळत नसेल तर थांबा आणि तपासा.

आणखी एक. यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात. म्हणून एका कागदावर आपला ७४ आणि त्याच्या शेजारी यंत्रावर दिसतो तसा आकडा मोठा काढा आणि डब्याजवळ चिकटवा. मग ज्या ताईंना वाचता येत नाही त्याही आकृती जुळवून पाळी सांभाळतात. त्यांना कामातून बाजूला ठेवायची गरज नाही.

लावायचं कसं?

१. ड्रम उघड्या जागेत ठेवा. बंद खोलीत किंवा बंद शेडमध्ये कधीही नाही. कोळशाच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि जीव घेतो. ड्रम रसायनाचा किंवा ऑईलचा नको. लाकूड आंबा, पेरू, बाभूळ असं सुकलेलं घ्या. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड अजिबात नको.

२. एक सुई मांसात. सगळ्यात मोठा तुकडा निवडा, कारण तो शेवटी शिजतो. मांडीच्या जाड भागात टोक मधोमध आलं पाहिजे. तापमान टोकालाच मोजलं जातं, म्हणून टोक हाडाला लागू देऊ नका, नाहीतर आकडा चुकीचा येतो.

३. दुसरी सुई हवेत. जाळीच्या उंचीवर, मांसापासून तीन-चार बोटं लांब. ही सुई ड्रमची आच सांगते.

४. वायर निखाऱ्यावरून नेऊ नका आणि झाकणाखाली चेपू नका. वायर जळली की सुई गेली. बाहेरचा डबा तापलेल्या झाकणावर नको, बाजूला स्टुलावर ठेवा. पावसापासूनही जपा.

५. मांसाची घंटा ७४ वर लावा. ड्रमच्या हवेची खालची घंटा १०० वर आणि वरची १४० वर.

मग काय करायचं?

ड्रमची हवा ११० ते १३० च्या मध्ये ठेवायची. आकडा खाली आला तर खालची हवेची खिडकी थोडी उघडा, गरज पडली तर पेटते निखारे घाला. वर गेला तर खिडकी थोडी लावा. पूर्ण बंद मात्र करू नका, आग गुदमरते आणि दाट पांढरा धूर होतो. त्या धुरानं चिकन कडवट लागतं. पातळ, निळसर धूर चांगला.

आणि झाकण सारखं उघडायचं नाही! दर वेळी उघडलं की आच पडते, वेळ वाढतो आणि धूर तोंडावर येतो. आता आकडा हातात आहे, तर डोकावायचं कशाला? दहा-पंधरा पावलांवर ओसरीत बसा, मसाला पाकिटं भरा, हिशोब लिहा.

पण ड्रम सोडून शेतात जायचं नाही. आग आहे, लहान मुलं आहेत, कुत्री आहेत. यंत्र तापमान सांगतं, पोर ड्रमजवळ गेलं हे सांगत नाही. एक बाई नजरेच्या टप्प्यात हवीच.

तंगड्यांना साधारण दीड ते अडीच तास लागतात. बकऱ्याची अख्खी मांडी लावली तर मध्येच आकडा ६५-७० च्या आसपास अडून बसतो, तासभरही हलत नाही. घाबरू नका. मांसातून पाणी सुटून वाफ होते, त्यानं ते थंड होत राहतं, जसं घाम आल्यावर आपलं अंग गार पडतं. आच वाढवत बसू नका, आकडा परत चढतो.

घंटा वाजली की तीच सुई साबणानं धुऊन इतर दोन-तीन तुकड्यांत खुपसून बघा. सगळीकडे ७४ आलं की उतरवा.

उतरवल्यावर काम संपत नाही

धूर दिला म्हणजे मांस टिकतं, असा समज आहे. पूर्वी आपल्याकडे मासे, मटणाच्या फाकी मीठ लावून, कडक वाळवून चुलीवर टांगत. त्या टिकत, कारण त्यात पाणीच उरत नसे. आपलं चिकन मऊ, रसाळ असतं. ते टिकत नाही. एक तर ६० च्या वर गरम ठेवून वाढा, नाहीतर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ५ च्या खाली न्या. फ्रीज नसेल तर दुसऱ्या दिवशी विकायचं नाही. उरलं तर उरलं.

सुई गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा, पण वायर जिथे जोडलेली आहे तो सांधा पाण्यात बुडवू नका. वायरला गाठ मारू नका. सेल काढून ठेवा.

परवडतं का?

साधं एका सुईचं थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतं. बिनतारी दोन सुयांचं साधारण दोन-चार हजारांत. महाग वाटेल. पण हिशोब करून बघा. धरा, १० किलो चिकन २२० रुपयांनी, झाले २,२००. मसाला, लाकूड ३००. एक खेप वाया गेली तर २,५०० गेले, शिवाय मजुरी आणि नाव वेगळंच. म्हणजे एक खेप वाचली तरी यंत्राचे पैसे निघण्यातच आहेत. पुढच्या बैठकीत आपल्या गावाच्या भावानं हा हिशोब मांडा. एकट्या गटाला जड जात असेल तर ग्रामसंघातल्या दोन-तीन गटांनी मिळून घ्या आणि वार वाटून घ्या.

सोबत एक वही ठेवा: तारीख, किती किलो, कधी लावलं, ६० कधी आलं, ७४ कधी आलं, आणि पाळीवरच्या ताईची सही किंवा अंगठा. कोणी तक्रार केली तर ही वही तुमची साक्षीदार. अन्न विक्रीची एफएसएसएआय नोंदणी केली नसेल तर तीही करून घ्या. सीआरपी ताई मदत करतील.

त्या गटाकडे परवा पुन्हा गेले होते. डोळे लाल झालेल्या ताई ओसरीत बसून पाकिटं भरत होत्या. हातातला डबा पाटावर, शेजारी चिकटवलेला ७४. खोकला अजून आहे, दवाखान्यात जायला मी सांगितलंय. पण म्हणाल्या, "आता धूर कोंबडीला लागतो, मला नाही."

तुमच्या गटात कोणी असं यंत्र वापरत असेल तर काय अडचण आली, काय जमलं, ते पुढच्या बैठकीत नक्की सांगा. पुढच्या अंकात लिहू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक