भाव आणि मोल – लेखांक ६ : एकाच वस्तूचे दोन भाव

वित्तीय मालमत्तांच्या मूल्यनिर्धारणाचा आधुनिक सिद्धांत गणिताच्या अंगाने कितीही अवघड वाटला, तरी तो एका साध्या विधानावर उभा आहे : ज्या दोन रोख्यांपासून पुढे प्रत्येक संभाव्य परिस्थितीत सारखीच रक्कम हाती येणार आहे, त्या दोन रोख्यांचा आजचा भाव सारखाच असला पाहिजे. याला एकाच किमतीचा नियम म्हणतात. कंपनीने भांडवल कर्जातून उभारले काय किंवा समभागांतून उभारले काय, करांचा प्रश्न बाजूला ठेवल्यास तिच्या एकूण मोलात फरक पडत नाही, हे मोदिग्लियानी आणि मिलर यांनी १९५८ मध्ये दाखवले ते याच नियमाच्या बळावर. १९७३ मध्ये ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी ऑप्शनचा भाव काढण्याची जी रीत दिली आणि १९७६ मध्ये स्टीफन रॉस यांनी मूल्यनिर्धारणाचा जो सिद्धांत मांडला, त्यांच्याही मुळाशी हाच नियम आहे. समान वस्तू दोन भावांना मिळू लागली, तर महाग असेल ती विकून स्वस्त असेल ती घेणारा कोणीतरी निघेलच आणि त्याच्या सौद्यांच्या दाबाने दोन्ही भाव एका जागी येतील, असा यामागचा तर्क आहे. या व्यवहाराला बाजारात आर्बिट्राज म्हणतात.

सिद्धांताचा उरलेला भाग वटावाचा आहे. हुंडी मुदतीआधी वटवताना पेढीवाला जी रक्कम कापून घेत असे तो वटाव; भविष्यातील कोणत्याही प्राप्तीचे आजचे मोल काढताना तशीच कपात करावी लागते, मात्र ती केवळ काळाची नसते, जोखमीचीही असते. चहूकडे मंदी असताना, नोकरी आणि धंदा दोन्ही डळमळीत असताना हाती येणारा रुपया हा भरभराटीच्या दिवसांतल्या रुपयापेक्षा अधिक मोलाचा असतो, म्हणून वाईट काळात साथ देणाऱ्या मालमत्तेवर वटाव कमी पडतो आणि नेमक्या त्याच काळात बुडणाऱ्या मालमत्तेवर तो जास्त पडतो. हा वटाव डोळ्यांना दिसत नाही, आणि सिद्धांताची परीक्षा घेणे अवघड होते ते यामुळेच. बाजारातील एखादा भाव चुकीचा आहे असे कोणी म्हणाले, तर त्यावर नेहमी असे उत्तर देता येते की भाव बरोबरच आहे, वटावाचा अंदाज चुकला आहे. बाजाराच्या कार्यक्षमतेची कोणतीही चाचणी ही एकाच वेळी अपेक्षित परताव्याच्या प्रतिमानाचीही चाचणी असते आणि या दोहोंपैकी नापास कोण झाले हे वेगळे काढता येत नाही, हा युजीन फामा यांनी सातत्याने मांडलेला मुद्दा आहे. २०१३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार फामा, त्यांचे मत न पटणारे रॉबर्ट शिलर आणि लार्स पीटर हॅन्सन या तिघांना एकत्र दिला गेला, यावरून वाद किती खुला आहे हे कळते.

या पेचातून सुटण्याची एक वाट मात्र आहे. जुळ्या रोख्यांची जोडी सापडली, तर वटाव किती हे ठाऊक असण्याची गरजच उरत नाही, कारण तो जो काही असेल तो दोघांनाही सारखाच लागू असतो. अशा जोड्या दुर्मीळ आहेत, पण सिद्धांत आणि बाजार यांचे नाते समजून घ्यायचे तर हजारो समभागांच्या सरासऱ्यांपेक्षा या मोजक्या जोड्यांकडून अधिक शिकायला मिळते, असे प्रस्तुत लेखमालेचे मत आहे.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जोडी तेलाच्या व्यवसायातील आहे. नेदरलँड्समधील रॉयल डच आणि इंग्लंडमधील शेल या दोन कंपन्यांनी १९०७ मध्ये आपले धंदे एकत्र केले, परंतु कंपन्या वेगळ्याच ठेवल्या, आणि सारे उत्पन्न व मालमत्ता ६० विरुद्ध ४० या प्रमाणात वाटून घेण्याचे ठरवले. ६० ही ४० ची दीडपट असल्यामुळे रॉयल डचच्या सर्व समभागांचे एकूण मोल शेलच्या सर्व समभागांच्या मोलाच्या बरोबर दीडपट असायला हवे होते. यात गुपित काहीच नव्हते. करार जाहीर होता, हिशोब जाहीर होते आणि दोन्ही समभागांची जगातील मोठ्या बाजारांत रोज मोठ्या प्रमाणावर खरेदी-विक्री होत होती. तरीही १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉयल डच या प्रमाणाच्या मानाने ३० टक्क्यांच्या आसपास स्वस्त होती आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर तीच महाग झालेली होती. केनेथ फ्रूट आणि एमिल दबोरा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की रॉयल डचचा भाव अमेरिकी बाजाराच्या चढउताराबरोबर अधिक हलतो आणि शेलचा भाव लंडनच्या बाजाराबरोबर अधिक हलतो. एकाच तेलविहिरीतून निघालेल्या उत्पन्नाचे दोन भाग, ते जिथे विकले जात तिथल्या हवेप्रमाणे वेगवेगळे मोल घेत होते.

ही तफावत ज्यांच्या नजरेस आली, त्यांत लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा १९९४ मध्ये सुरू झालेला निधी होता. ऑप्शनच्या सिद्धांताबद्दल १९९७ चे नोबेल मिळवणारे रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स हे त्याचे भागीदार होते, म्हणजे ज्यांनी नियमावर सिद्धांत उभारला तेच या वेळी नियमावर पैसे लावत होते. १९९७ मध्ये रॉयल डच सुमारे ८ ते १० टक्के महाग असताना निधीने ती विकली आणि शेल घेतली. सौद्याची बांधणी निर्दोष होती, कारण तेल महागो वा स्वस्त होवो, निधीला फक्त दोन भावांमधील अंतर कमी होण्याशी कर्तव्य होते. पण १७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियाने आपल्या देशांतर्गत कर्जाची परतफेड थांबवली, जगभरचे गुंतवणूकदार जोखमीपासून पळू लागले आणि निधीचे इतर सौदे एकामागून एक तोट्यात गेले. वर्षाच्या आरंभी सुमारे ४.७ अब्ज डॉलर स्वतःचे भांडवल आणि त्यावर सव्वाशे अब्ज डॉलरच्या घरात कर्ज असा डोलारा असल्याने तोटा सोसायला जागा थोडी होती. तेल कंपन्यांच्या जोडीत काहीही बिघडलेले नव्हते, तरी रोख रकमेसाठी तोही सौदा मोडावा लागला, आणि तोपर्यंत अंतर कमी होण्याऐवजी २० टक्क्यांच्या पुढे गेले होते. सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून निधी ताब्यात घेतला. पुढच्या तीन-चार वर्षांत ते अंतर बहुतांशी ओसरले. अंदाज खरा ठरला, पण तो बांधणारे तोवर सौद्यातून बाहेर पडलेले होते.

आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी हीच अडचण आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, सिद्धांत म्हणून मांडलेली होती. पाठ्यपुस्तकातील आर्बिट्राजला भांडवल लागत नाही आणि त्यात जोखीमही नसते; प्रत्यक्षात तो दुसऱ्यांच्या पैशावर केला जातो, आणि पैसे देणाऱ्याला सौद्यातील तर्क दिसत नाही, त्याला महिन्याचा तोटा दिसतो. भावांमधील तफावत वाढली की सौदा अधिक लाभदायक होतो, पण नेमका तेव्हाच कागदावर तोटा दिसू लागतो, गुंतवणूकदार पैसे काढून घेतात, कर्ज देणारे अधिक तारण मागतात, आणि ज्याने अंतर बुजवायचे त्यालाच ते रुंदावावे लागते. एकाच किमतीचा नियम भाव कुठे पोचायला हवा हे सांगतो, केव्हा पोचेल हे सांगत नाही, आणि उसन्या पैशावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ‘केव्हा’ हाच प्रश्न निकडीचा असतो.

मग जिथे अंतर बुजण्याची वेळ आधीच जाहीर आहे, तिथे तरी नियम पाळला जातो काय? २ मार्च २००० रोजी अमेरिकेतील थ्रीकॉम या कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे सुमारे ५ टक्के समभाग विक्रीस काढले आणि उरलेले वर्ष संपण्याआधी आपल्याच भागधारकांना वाटून देण्याची योजना जाहीर केली. थ्रीकॉमच्या प्रत्येक समभागामागे पामचे सुमारे दीड समभाग मिळणार होते. थ्रीकॉमच्या समभागाचा भाव पामच्या भावाच्या निदान दीडपट हवा, हे गुणाकार येणाऱ्या कोणालाही कळण्याजोगे होते. पहिल्या दिवशी पाम ९५.०६ डॉलरवर बंद झाला, त्याची दीडपट १४२ डॉलरच्या वर जाते, आणि थ्रीकॉम बंद झाला ८१.८१ डॉलरवर. याचा शब्दशः अर्थ असा होतो की पाम वगळता थ्रीकॉमचा सारा चालू धंदा आणि तिजोरीतील रोकड मिळून प्रत्येक समभागामागे उणे ६० डॉलर मोलाचे होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ही विसंगती छापून आली, तरी ती लगेच मिटली नाही.

ओवेन लॅमाँट आणि रिचर्ड थेलर यांनी या प्रकरणाचा जो अभ्यास केला, त्यातून कारण उघड झाले. जवळ नसलेला पाम विकण्यासाठी आधी तो उसना मिळायला हवा होता, आणि बाजारात फिरणारे समभाग अवघे ५ टक्के असल्याने उसने देणारे मिळत नव्हते. मिळाले तरी भारी मोबदला मागत. ऑप्शनच्या बाजारात अप्रत्यक्षपणे पाम विकण्याची जी वाट होती, तिथे मार्चच्या मध्यास तो खुल्या बाजारातील भावापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी स्वस्त पडत होता. मुंबईच्या शेअर बाजाराला हे नवीन नाही. जुलै २००१ मध्ये बंद झालेल्या बदला पद्धतीत सौद्याची पूर्तता पुढच्या खेपेवर ढकलता येत असे आणि त्यासाठी सहसा तेजीवाला पैशाच्या व्याजापोटी बदला भरत असे. पण मंदीवाल्यांनी इतकी विक्री करून ठेवली असेल की ताबा द्यायला शेअरच मिळेनात, तर उलट मंदीवाल्याला तेजीवाल्यासाठी पैसे मोजावे लागत. दलाल स्ट्रीटवर त्याला उंधा बदला म्हणत. अमेरिकी संशोधकांनी आकडेवारीतून दाखवलेली गोष्ट या दोन शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती : मंदीचे मत बाळगणे फुकट असते, पण ते बाजारात मांडायला भाडे पडते. हे भाडे जितके जड, तितका भाव आशावाद्यांच्या मताकडे कललेला राहतो. जुलै २००० मध्ये वाटणी होईपर्यंत पामचे समभाग उसने मिळणे हळूहळू सोपे होत गेले आणि तसतशी विसंगतीही विरघळली.

तिसरे उदाहरण मुंबईचेच आहे, आणि त्यात तफावतीची दिशा उलटी आहे. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचे एकूण समभाग अवघे दोन लाख, आणि तिची मुख्य संपत्ती म्हणजे एशियन पेंट्सचे समभाग. २०२४ च्या जूनमध्ये एल्सिडच्या समभागाचा शेवटचा नोंदलेला भाव ३ रुपये ५३ पैसे होता, तर पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता प्रत्येक समभागाच्या वाट्याला येणारी रक्कम, ५,८५,२२५ रुपये होती. साडेतीन रुपयांच्या या समभागावर २५ रुपये लाभांश दिला गेला होता. प्रवर्तकांनी समभाग बाजारातून काढून घेण्यासाठी १,६१,०२३ रुपये पायाभूत भाव देऊ केला होता आणि तोही भागधारकांनी मान्य केला नव्हता, यावरून मोलाची कल्पना सर्वांना होती हे स्पष्ट आहे. भाव फलकावर जो दिसत होता तो कोणाच्या मताचा नव्हता, तो केवळ जुन्या व्यवहाराचा अवशेष होता. एका दिवसात भावाने किती हलावे यावर बाजाराची मर्यादा असते. ५ टक्क्यांच्या मर्यादेत ३ रुपये ५३ पैशांचा भाव दिवसाला जेमतेम १७ पैसे चढू शकतो, आणि १७ पैशांसाठी लाखो रुपयांची वस्तू कोणीही विकणार नाही. पुढे लिलावात ठरलेल्या सव्वादोन लाख रुपयांपर्यंत पोचायला तर वरच्या मर्यादेचे सुमारे २२७ दिवस लागले असते, आणि त्यांतील प्रत्येक दिवशी कोणीतरी विकायला तयार असावे लागले असते.

सेबीने २०२४ मध्ये गुंतवणूक कंपन्यांसाठी मर्यादाविरहित विशेष लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर रोजी एल्सिडचा भाव एका लिलावात २,२५,००० रुपयांवर ठरला. त्याच दिवशी आणखी ५ टक्के चढून तो २,३६,२५० वर बंद झाला. साठ हजारपटींहून मोठ्या या उडीची बातमी देशभर झाली, परंतु सिद्धांताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. नियमांचा अडसर दूर झाल्यावर, विकणारे आणि घेणारे मोकळेपणाने समोरासमोर आल्यावरही, भाव पुस्तकी मूल्याच्या सुमारे ४० टक्क्यांवरच थांबला. तेव्हा एशियन पेंट्सचा समभाग थेट घेतला तर पूर्ण भाव पडत होता, आणि तोच एल्सिडच्या वेष्टनातून घेतला तर शंभराची वस्तू चाळीसला मिळत होती.

या साठ टक्क्यांमागे काही रास्त कारणे आहेत. एल्सिडने ते समभाग विकले तर नफ्यावर कर पडेल, लाभांश मधल्या कंपनीतून झिरपत येतो आणि त्यातला फार थोडा भाग बाहेर पोचतो, आणि दोन लाख समभागांच्या कंपनीत हवे तेव्हा विकता येईलच याची खात्री नसते. मात्र एवढ्याने हिशोब पुरा होत नाही. एल्सिड घ्यावी आणि त्या बदल्यात एशियन पेंट्स विकून ठेवावी असा आर्बिट्राज कोणी करू म्हटले, तर विकलेले समभाग किती वर्षे उसने ठेवायचे याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. पामच्या बाबतीत वाटणीची वेळ पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. रॉयल डच आणि शेल यांच्या बाबतीत ती जवळपास शंभर वर्षे नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये दोन्ही संचालक मंडळांनी विलीनीकरण जाहीर केले, २० जुलै २००५ रोजी दोन कंपन्यांची एक कंपनी झाली आणि तेव्हा प्रमाणाचा प्रश्नच मिटला. एल्सिडच्या पोटातील समभाग बाहेर वाटले जाण्याची तारीख फक्त तिचे प्रवर्तक ठरवू शकतात, आणि चाळीसला शंभर मिळवू पाहणाऱ्या बाहेरच्या भागधारकाला त्या तारखेची वाट पाहण्यावाचून काही करता येत नाही.