जुन्या कौटुंबिक फोटोचे वाचन

एकोणिसाव्या शतकातला कौटुंबिक फोटो हा घरात सहज टिपलेला क्षण नव्हे. तो पैसे मोजून, ठेवणीतली वस्त्रे नि दागिने घालून काढवून घेतलेला असे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. पुढे शहरोशहरी स्टुडिओ झाले आणि सुखवस्तू घरे सहकुटुंब तिथे जाऊ लागली.

अशा फोटोतल्या माणसांच्या आयुष्याची कल्पना करताना आधी तंत्र समजून घ्यावे लागते. त्या काळी काचेच्या ओल्या प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ सर्वांना निश्चल राहावे लागे. त्यामुळे ताठ चेहऱ्यांवरून घर कडक शिस्तीचे होते, असे ठरवता येत नाही. मांडीवरचे मूल पुसट दिसते, कारण ते हलले. त्या प्लेटला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून कुंकू काळे येते आणि लाल लुगडेही गडद येते. कोरीव खुर्ची, हातातले पुस्तक, मागचा रंगवलेला पडदा यांवरूनही घरची श्रीमंती मोजू नये. या वस्तू बहुधा स्टुडिओच्याच असत.

घराचे खरे काही सांगते ती माणसांची मांडणी. खुर्चीवर कोण, पायाशी कोण, सुना कुठे उभ्या, यांत नात्यांची उतरंड दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण नाही. ज्या घरांत विधवांचे केशवपन होई, तिथे लाल आलवणातली आत्या घरभर राबे, पण अशा मंगल फोटोत तिला बहुधा जागा नसे. दोन फोटोंच्या मधल्या काळात एखादे माणूस नाहीसे झाले असेल, तर 1896 नंतरचा प्लेग किंवा 1918 चा इन्फ्लूएन्झा हे कारण तपासून पाहण्याजोगे असते.

सर्वांत मोठी अडचण बायकांच्या नावांची. अनेक घरांत लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलले जाई आणि फोटोमागे नुसते ‘काकू’ किंवा ‘वहिनी’ एवढेच लिहिलेले सापडते. पुरुषांची नावे कुलवृत्तान्तात किंवा तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मिळू शकतात. त्या वहिनीचे मूळ नाव शोधायचे, तर तिच्या माहेरी जपलेली जन्मपत्रिका पाहावी लागते.